टिटवीचं हसू

समजा, तुमचा आवाज एका चित्रातल्या मुलीच्या तोंडात जाऊन बसला. बोलायचं तुम्ही आणि ओठ हलवायचे तिने. डोळे मिटून बघा पाहू. गंमत वाटली ना? आता समजा, त्या मुलीने तुमच्याच आवाजात तुमच्याच माणसाची टर उडवली. मग?

टिटवीवर नेमकी हीच पाळी आली.

टिटवी दहा वर्षांची. पाळण्यात असल्यापासून घसा खणखणीत, म्हणून नावच टिटवी पडलं. टीव्हीवर ‘बुटकी मोठी होते’ नावाची कार्टून मालिका लागायची. उंच इमारतींच्या शहरात वाढणाऱ्या बुटकीची ती गोष्ट, आणि बुटकीचा आवाज टिटवीचा. आवाज भरायची खोली कपाटाएवढी, भिंतींना स्पंज लावलेला. काचेपलीकडे साउंडवाले काका बसत. कामातल्या खाचाखोचा त्यांनीच तिला शिकवल्या होत्या.

“एरवी आधी आवाज, मग त्यावरून चित्र,” ते सांगत. “पण चित्र आधीच तयार असेल तर ओठांवर नजर ठेवायची. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. चित्रात तोंड उघडं आणि तू म्हणालीस ‘मामा’, की संपलंच. भूत बोलल्यासारखं वाटतं.”

टिटवीने घरी आरशासमोर उभं राहून सगळी अक्षरं तपासून पाहिली होती.

त्या दिवशी तिला फक्त दोन वाक्यांसाठी बोलावलं होतं. आई सोबत होती. “आधीचं काय आहे ते दाखवा ना,” टिटवी म्हणाली, आणि काकांनी चित्र सुरू केलं.

पडद्यावर जुनी लिफ्ट आली. सरकत्या जाळीचं दार, पितळी दांडा, आणि एका कानाने बहिरा म्हातारा लिफ्टवाला. लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर थांबली. लोकांना उतरायला हात द्यावा म्हणून म्हातारा आधी उतरला, अडखळला आणि सपशेल आडवा झाला. कुणाच्यातरी हातातली चहाची किटली त्याच्या अंगावर. समोर बुटकी बोट दाखवून खो-खो हसतेय.

हसू टिटवीचं होतं.

आणि हे खरोखर घडलं होतं तिच्या आजोबांच्या बाबतीत. आईचे बाबा एका जुन्या इमारतीत लिफ्ट चालवत. पडले तेव्हा लोक हसले, आजोबाही त्यांच्याबरोबर हसले. पण घरी आल्यावर त्यांना सदऱ्यातून हात काढता येईना. “आईला सांगू नकोस हं, उगाच घोर लावून घेईल,” असं ते फक्त टिटवीला म्हणाले. ते ओझं एकटीला पेलेना, म्हणून तिने मालिकेच्या लेखककाकांना विश्वासाने सांगितलं. आणि लेखककाकांनी त्याचा हा विनोद केला होता!

“मी नाही हसले!” टिटवी ओरडली. “मी याला कधी हसलेच नाही!”

दिग्दर्शिकाताई मागून आल्या. “अगं, हे मागचं हसू आहे. मांजराने माझ्या कागदांवर उडी मारली होती तेव्हाचं. जपून ठेवलंय आम्ही, ‘टिटवी हसू तीन’ म्हणून.”

“मग ते मांजराला लावा! मी मांजराला हसले होते!”

“आवाज खाली,” आई कुजबुजली. “ताई इतकं प्रेमाने बोलावतात, आणि तू…”

“आई, तुझे बाबा आहेत ते. त्यांना तेव्हा लागलं होतं. आठ दिवस मीच त्यांची बटणं लावत होते.”

आईने पडद्याकडे पाहिलं, मग टिटवीकडे. “आणि मला कोणीच सांगितलं नाही?” ती हळूच म्हणाली.

“हे बघ राणी,” ताई म्हणाल्या, “म्हातारा पडला की मुलं हसतात. हसली की मालिका बघतात. कुणाचे आजोबा वगैरे कुणाला कळणार आहे?”

“आजोबांना कळेल! ते एक भाग चुकवत नाहीत. चांगला कान टीव्हीकडे करून बसतात, माझा आवाज ऐकायला.”

ताईंनी घड्याळ पाहिलं. “चित्र पूर्ण झालंय. बुटकीचं तोंड हे असं उघडं आहे. आता बदलायचं म्हणजे सगळं नव्याने काढायला हवं. तेवढा वेळ नाही.”

टिटवी काकांजवळ गेली. “काका, परत दाखवा. आवाज बंद करून.”

काकांनी ताईंकडे पाहिलं नाही. सरळ बटण दाबलं.

आवाज नसताना बुटकी निराळीच दिसली. तोंड आ वासलेलं, एक हात पुढे केलेला. टिटवी ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. एक वाक्य नको म्हणून मान हलवली, दुसरं खोडलं. मग काचेआडच्या खोलीत जाऊन, हेडफोन चढवून माइकपुढे उभी राहिली. म्हातारा पडला, बुटकीचं तोंड उघडलं, आणि टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली, “लागलं का? लागलं का हो? हात द्या! हात द्या इकडे!”

एकदाही ओठ मिटायला लागले नाहीत. दाखवलेलं बोट मदतीला धावलेला हात वाटू लागलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. ताईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. “बसतंय खरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “बरं, लावू हे. तू जा घरी.”

लेखककाकांनीही असंच गोड बोलून सगळं ऐकून घेतलं होतं. टिटवीने हेडफोन खुंटीला अडकवले, बाहेर येऊन एक स्टूल ओढलं आणि काकांच्या खुर्चीला अगदी चिकटून बसली.

“आधी ‘टिटवी हसू तीन’ यातून काढून टाका,” ती म्हणाली. “माझ्यासमोर.”