कात्रणांची फाइल फुगली तेव्हा

मित्रांनो, मी कात्री. गंजलेली, ढिल्या खिळ्याची, पण तोंडाने अजून तिखट. माझं सारं आयुष्य एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलं. तिथल्या कात्रणं सांभाळणाऱ्या बाई रोज सकाळी माझ्याकडून बातम्या कापून घेत, तारीख टाकत आणि विषयाप्रमाणे फाइलीत लावत. "माझ्या कात्रीला हात लावाल तर खबरदार!" असं सगळ्यांना दटावत. मला कोण अभिमान वाटायचा!

आत्महत्यांची फाइल सगळ्यांत बारीक होती. एके दिवशी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आलं, 'नापास झाली म्हणून जीव दिला'. मुलीचा फोटो, घराचा पत्ता, तिने ते कसं केलं तेसुद्धा. अंक हातोहात खपला. संपादक साहेबांनी बातमीदाराची पाठ थोपटली. मीही कडा किती सरळ कापल्या म्हणून मिरवले. मेलं ते मिरवणं!

पुढचे तीन आठवडे मी तशाच बातम्या कापत होते. वय तेच, रीत तीच. फाइल फुगली, नाडी बांधायला पुरेना. बाई पहिल्या बातमीची तारीख काढून बघत आणि पुढच्या तारखा मोजत.

मग एक आई धाकट्या मुलीला घेऊन आली. फोटोतली मुलगी तिची थोरली.

"वर्षभर मनाने आजारी होती हो ती. औषधं चालू होती. तुमच्या माणसाला सांगितलं होतं मी. त्याने नुसतं नापास लिहिलं. ते कात्रण काढून टाका."

"काढते, ताई. पण घरोघरी गेलेलं कसं काढू?"

तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "मी गणितात नापास झालेय. आता मलाही तसंच करावं लागेल का? पेपरात लिहिलंय."

बाईंनी तिला जवळ ओढलं. "नाही गं बाळा! नापास झालं की पुन्हा परीक्षा द्यायची, बस्स. तुझी ताई आजारी होती. त्या आजारावर उपचार असतात, मदत मिळते, हे आम्ही लिहायला हवं होतं. चुकलं आमचं."

फाइल घेऊन त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"लोकांना हवं तेच देतो आपण," साहेब म्हणाले.

"आधी तारखा बघा, मग बोला."

साहेबांनी पानं उलटली. मग चष्मा काढून ठेवला आणि बातमीदाराला आत बोलावलं. त्यानंतर अशी बातमी आतल्या पानावर, छोटी येऊ लागली. रीत नाही, एकच एक कारण नाही, खाली मदतीचा फोन नंबर. पण गेलेली मुलं काही परत आली नाहीत. त्यांची कात्रणं मीच कापली होती.

मित्रांनो, अशी बातमी हाती आली तर तिखटमीठ लावून पुढे पाठवू नका. कुणी मित्र गप्प गप्प राहत असेल तर जवळ बसा, विचारा, मोठ्या माणसाला सांगा. तुमचं स्वतःचं मन जड झालं तरीही सांगा.

वर्षाने त्या आईचा बाईंना फोन आला. "धाकटी पुन्हा गणितात नापास झाली हो!" ती हसत होती की रडत होती, कळेना. "आत्ता जेवायला बसलीये. दोनदा वाढून घेतलं तिने."