गाभ्यातला सर्व्हर

नाशिकच्या एका स्कॅन सेंटरमध्ये सर्व्हरवरून चित्रं उघडायला मिनिट-मिनिट लागे. तिथली इंजिनिअर संजना हिनं फाइली पुरवण्याचं काम वेगळ्या प्रोग्रामकडून काढून थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच नेलं. आता डिस्कवरची माहिती मधल्या हातांशिवाय नेटवर्कवर जाणार होती.

“गाभ्यात चूक झाली, तर अख्खं मशीन बसेल,” तिचे वरिष्ठ शेखर सर म्हणाले.

“म्हणून तर महिनाभर मीच ते चाचणीच्या मशीनवर मुद्दाम बंद पाडून बघतेय, सर. आता नाही पडत.”

सरांनी मान डोलावली. सोमवारी सेंटर उघडण्याआधी तिनं ते सुरू केलं. अकराच्या ऐन गर्दीत डॉक्टर धात्रकांनी क्लिक केलं आणि मेंदूची सगळी चित्रं झरझर उघडली.

“मॅडम, नवं मशीन आणलंत का?”

“जुनंच आहे, डॉक्टर,” संजना हसत म्हणाली.