म्चुनूची सवय

"मढी वाहतोस त्या गाडीत माझा नातू बसायचा नाही," हॉस्पिटलच्या आवारात ठाण मांडून बाळाची आजी, गोगो मासिबिया, म्हणाल्या.

"ती गाडी मालकाची, गोगो. ही माझी स्वतःची. हिच्यात फार तर बकरी बसलीय," म्चुनू म्हणाला.

"हात तर तेच ना?"

म्चुनूनं हात पँटला पुसले. शहरात मेलेल्या माणसांना म्सिंगाच्या डोंगरातल्या त्यांच्या घरी पोचवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लग्नाला त्याला कुणी बोलवत नसे. मयताला मात्र सगळ्यांना तोच हवा असे, कारण त्याच्याइतकी सांभाळून गाडी कुणी हाकत नसे.

गोगोंचाही इलाज नव्हता. लुंगेलो दोन महिने आधीच जन्मलेला. बसवलं की त्याची मान पुढं पडे आणि श्वास अडे. म्हणून नर्सनं पट्ट्यांचा एक सपाट पाळणा दिला होता, मागच्या सीटवर आडवा बांधायचा. एवढी जागा अडणार म्हटल्यावर माणसं कोंबून नेणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी हात वर केले होते.

नर्सनं बाळाच्या आईला, थोबिलेला, पुन्हा पुन्हा बजावलं, "सपाटच झोपव. डोक्याखाली काही नको, तोंडावर काही नको. आणि शेजारी बसून ओठांचा रंग बघत राहा."

शेजारी बसल्या गोगो. सासूपुढं थोबिलेचं काय चालणार? ती पुढं बसली आणि शहर मागं पडायच्या आत तिचा डोळा लागला. वॉर्डातल्या खुर्चीवर तिनं कितीतरी रात्री जागून काढल्या होत्या.

घाट सुरू झाला. म्चुनूनं आरशात पाहिलं. गोगोंनी आपली शाल घडी करून बाळाच्या डोक्याखाली सरकवली होती आणि तोंडावर फडकं टाकलं होतं.

"गोगो, नर्स म्हणाली होती ना..."

"नर्सनं किती पोरं वाढवलीत? या रस्त्यावर लोक करणीचं काय काय सांडून जातात, तुला ठाऊक नाही? लेकरांच्या अंगात शिरतं ते. तू आपला पुढं बघ."

तो पुढं बघू लागला. घरच्या माणसांशी वाद घालायचा नाही, ही त्याच्या धंद्याची शिस्त अंगात मुरलेली होती. मघाशी कुरकुरणारं बाळ आता गप्प होतं.

"बघ, कसा झोपला," गोगो समाधानानं म्हणाल्या.

मागच्या सीटवरची ती शांतता म्चुनूच्या ओळखीची होती. ओळखीची म्हणूनच त्याला तिच्यात काही वावगं वाटलं नाही.

थुकेला नदीचा पूल आला. त्यानं नेहमीसारखी गाडी हळू केली. नजर समोर होती, आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"लुंगेलो, आता आपण नदी ओलांडतोय. आमच्याबरोबरच ये. मागं राहू नकोस."

हे शब्द जिवंत माणसाला कुणी बोलत नाही. मेलेल्याचा आत्मा पाण्याशी अडतो, वाट चुकतो, म्हणून प्रत्येक नदीवर त्याला नावानं सांगायचं असतं. म्चुनूनं ते इतक्या जणांना सांगितलं होतं की पूल दिसला की जीभ आपोआप वळत असे.

गोगोंची बोटं त्याच्या खांद्यात रुतली. "कुणाशी बोललास?"

पूल संपताच त्यानं गाडी कडेला घेतली.

"जिवंत आहे तो," गोगो म्हणाल्या. "बघ. नीट बघ, मेल्या." आणि त्यांनी फडकं ओढलं.

बाळाची हनुवटी छातीला टेकली होती. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

थोबिले दचकून जागी झाली, उतरली, मागचं दार उघडून आत घुसली. तिनं शाल खेचून काढली, हनुवटी वर उचलली, तळपाय चोळू लागली. "ये रे. ये माझ्या राजा."

म्चुनू रस्त्यावर उभा होता. आपण हात लावला तर उरलंसुरलंही जाईल, अशी भीती वाटून त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

बाळाची छाती हलली. थांबली. पुन्हा हलली.

"तू बोलावलंस म्हणून निघाला होता तो," गोगो पुटपुटल्या. शालीचं नाव कुणी काढलं नाही.

पुढं लागलेल्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं आणि उतरत्या उन्हात सोडलं. तिथून थोबिले मागं बसली. तिची नजर बाळाच्या ओठांवरून हलली नाही. म्चुनूला मात्र कोडं पडलं होतं, आपल्या शब्दांनी पोराला नेलं होतं की परत आणलं होतं. विचारायचं कुणाला?

घर आलं. थोबिले पाळणा घेऊन उतरली. "बाबा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," ती म्चुनूला म्हणाली आणि आत गेली.

गोगो फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "तू इथंच थांब."

त्या पाण्याचं भांडं घेऊन आल्या. म्चुनूला सकाळपासून तहान लागली होती. त्यानं ओंजळ पुढं केली. गोगोंनी पाणी त्याच्या हातांवर ओतलं, मनगटापासून खाली, सावकाश. पुरून परतलेल्या माणसांच्या हातांवर ओततात तसं.

असे हात त्यानं कितीतरी फाटकांशी धुतले होते, आणि दर वेळी आतून बायकांचं रडणं ऐकू यायचं. आज आत लुंगेलो रडत होता, बारीक, चिडक्या आवाजात, दूध मागत. पाणी संपलं तरी म्चुनू ओले हात तसेच पुढं धरून ऐकत उभा राहिला.