कुलूपबाबा आणि कपाटाजवळची सासू

अख्खी गल्ली दारात लोटली होती. वादळात तारा तुटल्यापासून लाईट नव्हती. घराच्या आतल्या बोळात जनरेटर धडधडत होता आणि पुढच्या खोलीत कुलूपबाबा छाती फुगवून बसला होता.

"मी बसलोय तोवर म्हातारीची उंबरा ओलांडायची टाप आहे का?"

खरंच, त्या संध्याकाळी घरात कुणाचं डोकं दुखलं नाही. एरवी जनरेटर लावून दार ओढून घेतलं, की कपाळ ठणकायचं, मळमळायचं आणि कपाटाजवळ सासूबाई उभ्या दिसायच्या. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाई! सुनेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. चिमुरडी लेकसुद्धा म्हणाली होती, "आई, आजी बोलावतेय."

"सुनेवर राग आहे तिचा. नातीला न्यायला आलीये," बाबाने ठोकून दिलं. "उद्या दिवेलागणीला दारं-खिडक्या लावा. फटींत चिंध्या कोंबा. वर ही माझी मंतरलेली कुलपं! वाराही आत शिरता कामा नये."

गल्लीने माना डोलावल्या. दुसऱ्या संध्याकाळी नवऱ्याने सासूबाईंच्याच जुन्या चादरी फाडून फटींत कोंबल्या, कुलपं घातली आणि जनरेटर सुरू केला.

जरा वेळाने सुनेचे पाय लटपटायला लागले. सासूबाई आल्याच. कपाटाला टेकून नुसत्या बघत राहिल्या. मांडीवर लेकीने मान टाकली होती. सुनेने तिला हलवलं, गालावर चापट्या मारल्या. पोर डोळे उघडेना.

काल का नाही आल्या या? काल बाबा होता. आणि... दार सताड उघडं होतं!

तिने इस्त्री उचलली.

"अगं, खिडकी फोडू नकोस! ती आत येईल!" नवरा ओकता ओकता ओरडला.

"आतच आहे ती! मला माझी लेक बाहेर काढायचीये!"

काच फुटली. शेजाऱ्यांनी आधी पोरीला बाहेर ओढलं, मग या दोघांना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिघांना ऑक्सिजन लावला आणि एकच विचारलं, "जनरेटर कुठे ठेवता?"

"आतल्या बोळात. बाहेर चोरीला जाईल म्हणून," नवरा पुटपुटला.

"हीच तुमची भुताटकी. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग भास होतात, मग माणूस जातो. तुम्हीच सांगताय, बाबाला बघायला गर्दी झाली, दार उघडं राहिलं, म्हणून त्या दिवशी निभावलं."

तेवढ्यात बाबा उगवलाच. "माझ्या कुलपांनी पोर वाचवली!"

सून ताडकन उठली. "असं? मग चला घरी. तीच कुलपं घालते, जनरेटर लावते. बसा आत एकटे!"

"आज योग नाही," म्हणत बाबा जिन्याकडे वळला. परत दिसला नाही.

लेकीने डोळे किलकिले केले. "आई, आजी गेली?"

"आजी आलीच नव्हती, बाळा." सुनेला हुंदका फुटला. जी बाई शेवटपर्यंत नातीच्या उशाशी बसली, तिच्यावर आपण केवढा आळ घेतला!

बाबांनो, जनरेटर घराबाहेर उघड्यावर ठेवा, दारं-खिडक्यांपासून लांब. बोळात नको, गॅलरीत नको, खिडकी उघडी ठेवूनही आत नको. तो चालू असताना डोकं गरगरलं, तर सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत पळा आणि दवाखाना गाठा. आपल्या चुकीचं खापर मेलेल्या माणसांवर फोडू नका. ती उलटून बोलू शकत नाहीत.