माझं नाही, प्रभूचं

एबो टँडोला आता रेडिओवाले ‘प्रभूचा कर्णा’ म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखते.

आमच्या साल्टपॉन्डच्या किनाऱ्यावर उपासनेची एक रीत आहे. उपदेश चालू असताना मधेच एखादी बाई उठून गायला लागते. पाळकाने गप्प राहायचं, मंडळीने साथ धरायची, गाणं संपलं की उपदेश पुढे. शब्द तिथल्या तिथे सुचतात, पण सुचले असं म्हणायचं नाही, गाणं उतरलं म्हणायचं. मग वडीलजन विचारतात, हे कुणाचं? बाई मान खाली घालून सांगते, माझं नाही, प्रभूचं. माझं म्हणणारी अजून तरी कुणी निघाली नव्हती.

माझा धाकटा भाऊ क्वामेना मासेमारीला गेला आणि परत आला नाही. होडीतले बाकीचे तिघे आले. चौथ्या रविवारी एबो उपदेशाला उभा होता. तेव्हा त्याच्याकडे एकच बरा शर्ट होता. नोहाच्या तारवाची गोष्ट चालली होती, आणि देवाने बाहेरून दार लावलं, या वाक्यावर तो आला. मला बसवेना. मी उठले आणि गायले, ‘दार लावू नकोस प्रभू, माझं माणूस अजून पाण्यात आहे.’

मंडळी ढसाढसा रडली. एबो तर उभ्याचा खाली बसला. वडीलजनांनी विचारलं तेव्हा पढवल्यासारखी मीही म्हणाले, माझं नाही, प्रभूचं. त्या तीन शब्दांनी माझा घात केला.

पाच महिन्यांनी मी भट्टीवर माशांना धुरी देत होते आणि शेजारणीच्या रेडिओवर माझं गाणं लागलं. आवाज एबोचा. ढोल दुप्पट लयीत, मागे कर्णे. ‘माझं माणूस’ जाऊन तिथे ‘तुझे लोक’ आले होते. गाणं संपल्यावर तो सांगत होता की तीन दिवस टेकडीवर उपास केला आणि पहाटे हे उतरलं.

तशाच खवल्यांच्या हातांनी त्याच्या घरी गेले. तो केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेला मासा खात बसला होता. घास काही थांबला नाही.

“तूच म्हणालीस ना, तुझं नाही म्हणून?” तो म्हणाला. “प्रभूने तुला दिलं, नंतर मला दिलं. त्याच्याकडे काय एकच प्रत असते?”

मी घरी आले. आई म्हणाली, गाणं देवाचं, मग भांडतेस कुणाशी.

त्या गाण्यावर एबो मोठा झाला. राजधानीत, अक्रात, मोठं प्रार्थनामंदिर, पांढरे सूट, लंडनच्या वाऱ्या. मला त्याने मागच्या गायिकांत घेतलं आणि मी गेले. मूर्ख म्हणा हवं तर. मागे उभी राहून मी दर वेळी ‘माझं माणूस’ असंच गायची. ढोलांत कुणाला ऐकू येत नसे, पण क्वामेनासाठी मला तेवढंच करता येत होतं. आणि एबोने आईच्या देखत शब्द दिला होता: गाण्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या उपासनेत सगळं खरं सांगेन, क्वामेनाचं नाव घेऊन. मला दुसरं काही नको होतं. आईने त्या दिवसासाठी नवं कापड शिवून घेतलं.

तो रविवार आला. एबो बोलायला उभा राहिला आणि पुन्हा टेकडीच सांगितली. या खेपेला उपास सात दिवसांचा झाला होता. आणि वर माझ्याकडे हात करून म्हणाला, “अराबा तेव्हापासून माझ्यासोबत आहे. ती साक्ष देईल.”

मी पुढे गेले. “गाणं एबोचं नाही,” मी म्हणाले. “माझा भाऊ क्वामेना बुडाला, त्याच्यासाठी मी केलं. उतरलं नाही. मी केलं.”

मला वाटलं, आता एबोची पाचावर धारण बसणार. पण लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. देवाचं गाणं ही बाई माझं म्हणते, हेच सगळ्यांच्या तोंडावर होतं. वडीलजनांतले एक म्हणाले, गर्वाचा आत्मा आहे, प्रार्थना करा. एबोनेच मला हळुवार गुडघ्यांवर बसवलं आणि डोक्यावर हात ठेवला.

“भावाचं नाव घेतलं असतं तर लोक रडले असते, अराबा,” माझ्या कानाशी तो म्हणाला. “नाचले नसते.”

मग भराभर इतरांचे हात पडले. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर. त्यांतला एक हलका होता, बोटं वाकलेली, नव्या कापडाच्या बाहीतून आलेला. आई सगळ्यांपेक्षा मोठ्याने प्रार्थना करत होती, माझ्या लेकीचा गर्व काढ म्हणून. मी शब्दन्शब्द ऐकत राहिले. क्वामेनाचं नाव तिनेही घेतलं नाही.