घरोघर फिरलेला दोदोल

मी दोदोल. एस्पेरांसामायच्या हातचा. हे सांगताना माझी मान ताठ व्हायला हवी, कारण गोव्यात, साष्टीतल्या आमच्या वाड्यावर नाताळ आला की लोक तिच्या दोदोलाची वाट बघायचे. पण माझी मान खालीच आहे. मी करपलेला आहे, आणि हे मला जन्मापासून माहीत आहे.

जन्म कसला, चुलीवरची काहील. नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ, आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ढवळणं. हात थांबला की मी तळाला लागतो. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचं नाही. पूर्वी शेजारणी यायच्या, आळीपाळीने ढवळायचा डाव धरायच्या आणि जी आली नसेल तिची यथेच्छ उणीदुणी काढायच्या. आता बहुतेक घरांत दोदोल बाजारातून येतो. तरी मायचा नवरा कायतान होता तोवर निभावलं. संध्याकाळी चॅपेलची घंटा झाली की माय डाव सोडून प्रार्थनेला उभी राहायची आणि कायतान तो हातात घ्यायचा.

"तू कर तुझं. देव थांबेल, दोदोल थांबायचा नाही," असं म्हणायचा.

गेल्या नाताळाआधी कायतान गेला. दुखवट्याच्या घरात गोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. मायच्या ओट्यावर झाकलेल्या थाळ्या आल्या. या वर्षी त्या सगळ्यांकडे आपल्या हातचं गेलंच पाहिजे, असं तिने मनाशी धरलं. मदतीला कोणाला बोलावलं नाही. कोणी विचारलंही नाही. एकटीच ढवळत बसली.

मग घंटा झाली. सवयीने तिने डाव सोडला, डोळे मिटले आणि सावकाश प्रार्थना म्हटली. कायतानसाठी थोडी जास्तच म्हटली. तेवढ्यात मी लागलो.

आम्हाला ओरडता येतं ते वासानेच, आणि मायला वास येत नव्हता. पावसाळ्यातल्या तापानंतर तो गेला तो गेलाच. जिभेला नुसतं गोड तेवढं कळायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिने आम्हाला केळीचं पान लावलेल्या करवंट्यांत थापलं, प्रत्येकाच्या माथ्यावर तीन काजू बसवले आणि घरोघर पोचवलं. तिचा तो हसरा चेहरा बघून मला पानात तोंड लपवावंसं वाटत होतं.

मी गेलो शेजारच्या ओर्तेंसियाच्या घरी. तिने पान उघडलं आणि नाक मागे घेतलं.

"लागलाय गं बाई हा."

"मग सांग जाऊन तिला," नवरा म्हणाला.

"तुम्हीच जा. कायतान गेल्यावर बिचारी पहिल्यांदा गोड करायला चुलीपाशी बसलीय, आणि मी सांगू तुझा दोदोल करपला म्हणून?"

"टाकून दे मग."

"नाताळाचं टाकतात का कोणी? आल्सीनाकडे जाऊ दे. तिची पोरं दगडसुद्धा खातील."

आल्सीनाच्या पोरांनी दगड खाल्ला असता, मला नाही खाल्लं. "ओर्तेंसियाचा हात बिघडला," एवढं बोलून आल्सीनाने मला स्वच्छ पानात गुंडाळलं आणि मास्तरांच्या घरी पाठवायच्या थाळीत ठेवलं. मास्तरीणबाईंनी वरवर हुंगून मला फळीवर सारलं. करंजीसारख्या चांगल्या नेवऱ्या माझ्या शेजारून उचलल्या जायच्या आणि मी तिथेच. लाज कशाला म्हणतात ते मी त्या फळीवर शिकलो.

मास्तरांची सून मेर्लीन त्या घरात नवी. नाताळच्या आदल्या दिवशी सासू म्हणाली, "एस्पेरांसामायची थाळी राहिली. बघ काय आहे ते भर आणि देऊन ये." तिने नेवऱ्या लावल्या, मधे मोकळी जागा दिसली म्हणून मला ठेवलं, वर विणलेला रुमाल घातला आणि निघाली. मला उडी मारता आली असती तर वाटेतल्या खुरसापाशीच, त्या दगडी क्रुसाच्या पायाशी, मारली असती.

मायने रुमाल उचलला. माझ्यावर तिची नजर थांबली.

"हा कोणी केला, बाय?"

"सासूबाईंनी," मेर्लीन म्हणाली. मग मायचा चेहरा बघून हळूच म्हणाली, "खरं म्हणजे मला माहीत नाही, माय."

"तीन काजू मी लावते. एक माझा, एक कायतानचा, मधला देवाचा." मायने मला मेर्लीनच्या नाकाशी धरलं. "मला वास येत नाही गं. तू सांग. काय झालंय याला?"

मेर्लीनने हुंगलं. तिला खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, बोल, खोटं बोल.

"करपलाय, माय."

"थोडा?"

"नाही. बराच."

माय खाली बसली. "म्हणजे सगळ्यांना कळलं," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं आणि मी वाटून झाल्यावर चर्चमध्ये विचारत फिरले, कसा झालाय म्हणून. सगळ्या म्हणाल्या, छान." तिने रुमाल तोंडावर धरला. त्या घटकेला मी राख झालो असतो तर बरं झालं असतं.

मेर्लीन परत गेली नाही. चुलीवर चहाचं दूध ठेवून माय उठायला गेली, तोच घंटा झाली. मायने हात जोडले. दूध वर आलं. मेर्लीनने पटकन डाव घेतला आणि प्रार्थना संपेपर्यंत ढवळत राहिली. मायने डोळे उघडले आणि मेर्लीनच्या हातातल्या डावाकडे बघितलं.

मग तिने सुरी आणली आणि माझी फोड तोंडात टाकली. "गोड आहे," म्हणाली. सगळ्या वाड्यात तोंड वाकडं न करता मला खाणारी ती एकटीच.

आता माझी एवढीशी फोड उरलीय, देवाच्या काजूची. उद्या तीही संपेल. मला विसरलात तरी चालेल. पण पुढच्या नाताळाला मायच्या घरातून धूर निघताना दिसला, तर घंटेच्या आधी जा आणि तिच्या हातातला डाव घ्या.