एकेचाळीस तक्रारी

हंसाकाकीच्या फोनवर एकोणीस दिवसांत शुगरचे त्रेसष्ट व्हिडिओ लागून गेले होते. मी वहीत वर्गवारी केली: आठ पथ्याचे, चौदा चूर्ण विकणारे, एकेचाळीस 'इन्सुलिन म्हणजे विष' सांगणारे. माठाखालच्या ओल्या वाळूत, गारव्याला ठेवलेल्या, तिच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या. दोन्हींचं सील शाबूत.

काकीला वाचता येत नाही. तिने काही शोधलं नव्हतं. एक संपला की फोनच दुसरा लावायचा. मात्र त्रेसष्टही तिने शेवटपर्यंत पाहिले होते.

"मधातच बंद काहून नाही केला, काकी?"

"माणूस बोलून राह्यला अन् आपण उठून जावं? दारव्ह्याच्या लॅबमधी नोकरीले लागली अन् तांड्याची रीत इसरली तू."

"तो तुह्याशी नाही बोलून राह्यला."

"मंग 'मायबहिणींनो' कोणाले म्हणते, तुह्या काकाले?"

ओट्यावर नेमसिंगकाका हसले. मी समजावलं: पूर्ण ऐकलं की फोन धरून चालतो, हिला हेच हवं, मग आणखी कडक शोधून देतो.

"मंग फोनवाल्याले इचार. तांड्याच्या नायकाले बी जाब द्या लागते. खोटं हाय म्हणला, तर आजच सुई घेतो. सेवालाल महाराजाची आन."

तिच्यासमोर बसून मी एकेचाळीस तक्रारी केल्या. कारण: आरोग्याबद्दल खोटी माहिती. पंचावन्न मिनिटं लागली. चहा होईपर्यंत उत्तरं आली, एकेचाळीसही सारखी. काकी हटून बसली, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं: "आम्ही तपासले. नियमांचे उल्लंघन आढळले नाही."

"म्हंजे खरं हाय."

"तसं नाही होत, काकी. माणसानं पाह्यलंच नसन."

"मंग सही कोणाची हाय?"

सही कोणाचीच नव्हती.

"तूच इचारलं, तूच वाचून दाखोलं." तिने वाळूतल्या बाटल्या पुसून माझ्या हातात दिल्या. "दवाखान्यात देजो. कोणाच्या कामी पडतीन."

काकांनी मान खाली घातली. मी अर्धा तास बोलत राहिले. तिने मला मध्ये एकदाही थांबवलं नाही, आणि सुईही घेतली नाही.

गुरुवारी सकाळी काकांनी तिला जीपने दारव्ह्याला आणलं. श्वास खोल आणि भरभर चालला होता. हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. रक्ताचा नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. मी तो मशीनवर दोनदा लावला.

ग्लुकोज: पहिल्यांदा ६१८, दुसऱ्यांदा ६१२.